डाव्या डोंगराचा दगड

१

कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती, आणि शेड रिकामी होती.

काल दुपारपर्यंत तिथं भिंतीला लागून लाकडी पेट्यांची चळत होती. पेट्यांत दगडाच्या कांड्या. धरणाची भिंत ज्या डाव्या डोंगराला टेकते, त्या डोंगराला यंत्रानं भोकं पाडून काढलेल्या, मनगटाएवढ्या जाड, खोलीप्रमाणे ओळीनं मांडलेल्या. डोंगर आतून भरीव आहे की पोकळ, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. परवा समिती येणार होती. समितीनं कांड्या बघायच्या, मान हलवायची, आणि मगच धरणाचं दार बंद करून ओढा अडवायचा. तोवर दाराला हात लावायचा नाही, असा वरून सक्त हुकूम होता.

सकाळी चोरी उघडकीला आली आणि दुपारी खात्याची तपासनीस शेडच्या दारात उभी राहिली. छावणीनं तासाभरात तिचं बारसं केलं, थोरली. कारण धरण बांधणारी इंजिनीअर तिची सख्खी धाकटी जाऊ होती, आणि छावणीला बायकांची पदं लक्षात ठेवण्यापेक्षा नाती लक्षात ठेवणं सोपं जातं.

हे धरण थोरलीचं व्हायचं होतं. थोरलीही इंजिनीअरच, ह्याच खिंडीसाठी दोघींनी आराखडे दिले होते. धाकटीचा मंजूर झाला. त्या दिवशी थोरलीनं हसून पेढा खाल्ला आणि रात्रभर पोटात दुखतंय म्हणून कूस बदलत राहिली. पेढ्याचा काही दोष नव्हता. पुढे धाकटीचा फोटो पेपरात आला, तो सासूबाईंनी चौकट करून दिवाणखान्यात लावला. थोरलीनं उभी हयात खात्यात घालवली, तिच्या नावानं त्या घरात साधा खिळा कोणी ठोकला नव्हता. लोक म्हणतात मत्सर वाईट. लोकांना म्हणायला काय जातं? ज्याच्या ताटातलं उचलून शेजारच्या ताटात वाढलं जातं, त्यानं काय टाळ्या वाजवायच्या?

साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "बाई, तुमच्या जावेनंच तुमचं नाव घेतलं. तुम्हीच हव्यात म्हणाली. आता ऐका. ही चोरी तिच्यावर शेकली तर काम तिच्याकडून काढावं लागेल. आणि यादीत पुढचं नाव तुमचं आहे."

"ठाऊक आहे मला," थोरली म्हणाली होती. तिचा आवाज अगदी सरळ आला होता, त्याचं तिलाच कौतुक वाटलं.

आता तिनं मुकादमाकडे पाहिलं. दांडगा माणूस, पण खालचा ओठ सुजलेला.

"ह्या कुलपाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला असते. काल अवजारं ठेवायला दुपारी मीच उघडलं, तेव्हा पेट्या होत्या. जेवणानंतर रात्रभर दारात पहारा होता, आणि माझी किल्ली कमरेची हलली नाही."

"आणि दुसरी?"

मुकादमानं ओठ चाचपला. बोलावं की नाही असा विचार केला आणि मग पायाकडे बघत म्हणाला,

"दुसरी तुमच्या जाऊबाईंकडे."

२

छावणीची खानावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांब बाकं आणि खाली खिंडीत ओढा. दिसत नाही, ऐकू येतो.

हा ओढा संध्याकाळचा आहे. वर कड्यावर बर्फ. दिवसभर उन्हानं तो वितळतो आणि ते पाणी दगडांतून वाट काढत इथं पोचेपर्यंत दिवस कलतो. सकाळी ओढा म्हणजे नळाची धार. संध्याकाळी असा उधळतो की खानावळीत मीठ हवं असेल तर बोंब मारावी लागते. पलीकडे जायला भिंतीवरून वाट नाही, मधे सांडव्याची मोठी खाच सोडलेली. भिंतीच्या खालच्या अंगाला ओढ्यात मोठाले दगड टाकलेत, त्यांवरून उड्या मारत जायचं. संध्याकाळी दगड बुडाले की पलीकडचा माणूस पलीकडेच. त्यासाठी तिथं एक झोपडी बांधून ठेवली होती, घोंगडी आणि सरपण घालून. छावणीत हे इतकं रुळलं होतं की कोणी रात्रभर दिसला नाही तर सकाळी त्याला विचारायचं नसतं. "पलीकडे अडकलो," एवढं म्हटलं की झालं. कोणी पिऊन पडलेला असे, कोणी बायकोशी भांडून रुसलेला असे. सगळेच अडकलेले.

थोरलीसमोर मोजणीदार बसला होता. काटकुळा माणूस, शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली.

"चोरी?" तो म्हणाला. "ह्याला चोरी म्हणतात? आपला गुन्हा आपणच लपवणं म्हणतात ह्याला. डावा डोंगर पोकळ आहे, बाई. चुनखडीचा आहे. पाणी अडवा, डोंगर सगळं पिऊन पलीकडच्या दरीत ओकेल. मी वर्षभर ओरडतोय, धरण खालच्या खिंडीत घ्या. ऐकतंय कोण?"

"कांड्यांत पोकळी तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"बघायला कशाला हवं?"

"म्हणजे नाही पाहिलीत."

"ह्या ओढ्याचं प्रत्येक वळण मी पायांनी मोजलंय, उगमापासून! आणि नकाशाच्या खाली नाव कोणाचं? तिचं. वर बोर्डावर नाव कोणाचं? तिचं." त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. "तुम्हाला नाही कळायचं."

थोरलीला इतकं कळलं की तिनं मान फिरवली. असल्या माणसाची दया येत नाही. आरशात आपलंच तोंड भलत्या वेळी दिसावं तसा राग येतो.

"बटणं कशी तुटली?"

"विचारा त्या मुकादमाला."

मुकादमाऐवजी उत्तर आलं स्वयंपाकघरातून. छावणीच्या स्वयंपाकीणकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. बोलायची संधी त्या कधी वाया घालवत नसत.

"मी सांगते. हा मुकादम रोज जेवताना ह्यांच्याकडे बघून तोंडातल्या तोंडात शिव्या घालतो. गेले सहा महिने रोज. घासागणिक एक. काल म्हणाला, 'फाटकी टेप, ना लांबी ना रुंदी.' आणि ह्यांनी ऐकलं! झालं. ह्यांनी ताट फेकलं, त्यानं गचांडी धरली. अख्खी छावणी मधे पडली. दोघांना धरून बसलो आम्ही, पांगापांग होईपर्यंत. माझे तीन वाडगे फुटले, ते कोण भरून देणार?"

"जेवायला सगळे होते?"

"सगळे. फुकटचा तमाशा कोण सोडतो?" काकू थांबल्या. त्यांनी आवाज उतरवला. "दोघं नव्हते. एक आमच्या बाई. आणि दुसरे बाईंचे यजमान."

थोरलीनं वर पाहिलं.

"हो," काकू म्हणाल्या. "तुमचे दीर."

३

दीर भेटला तो क्वार्टरच्या पायरीवर, गळाचा दोरा गुंडाळत.

"वहिनी! चला, ह्या दगडधोंड्यांत एक तरी घरचं माणूस दिसलं."

हा थोरलीचा लाडका दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता. हिच्या हातची पोळी, हिनं घेतलेला अभ्यास. बायकोचं काम इथं निघालं तसं शहरातली नोकरी सोडून हा मागोमाग आला, आणि आता मासे धरत होता. धरत होता म्हणजे गळ टाकत होता.

"काल संध्याकाळी कुठे होतात, भाऊजी?"

"पलीकडे अडकलो." तो हसला. "खरंच हो. डोहावर गळ टाकून बसलो, भान राहिलं नाही. उठतो तर दगड गडप. ह्या ओढ्याला आईसारखं घड्याळ आहे, वहिनी. वेळ झाली की चढतोच. मग झोपडीत पडलो. सकाळी पाणी उतरल्यावर आलो तर इथं ही बोंबाबोंब."

"बायकोला सांगितलं होतंत?"

"बायकोला?" त्यानं दोऱ्याला गाठ मारली, ती चुकली, परत मारली. "ती कुठे असते सांगायला? उजाडलं की भिंत, मावळलं की भिंत. पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला आहे, वहिनी. सिमेंटची." मग त्यानं मान वर केली आणि थोरलीला जे ऐकायची भूक होती तेच नेमकं वाढलं. "खरं सांगू? हे धरण तुमचंच व्हायला हवं होतं. मी तेव्हाही म्हणालो होतो."

थोरलीनं ते वाक्य जिभेवर बराच वेळ घोळवलं.

धाकटी आत टेबलाशी बसली होती. डोळे तांबारलेले, बुटांवर पोटऱ्यांपर्यंत राखाडी चिखल. उठून उभी राहिली.

"या ताई. पाणी देऊ?"

"बस. काल संध्याकाळी जेवायला नव्हतीस."

"डोकं दुखत होतं. इथंच पडून होते."

"शेडची किल्ली?"

"ही काय, टेबलावर. इथंच असते."

"म्हणजे किल्ली इथं होती आणि तूही इथंच होतीस."

"हो."

"अगं, कळतंय का काय बोलतेयस? स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून माझ्यापुढे टाकतेयस."

धाकटीनं किल्ली उचलून तिच्यापुढे सरकवली. थोरलीला चीड आली. भांडायला आलेल्या माणसापुढे समोरच्यानं तलवारच टाकली की जी येते ती चीड.

"मला का बोलावलंस? खात्यात तपासनीस मेले होते?"

"कारण तुम्ही माझ्यावर जळता." धाकटी अगदी साधेपणानं म्हणाली, हवा कशी आहे हे सांगावं तशी. "दुसऱ्या कोणी मला सोडलं तर लोक म्हणतील वशिला लावला. तुम्ही निर्दोष म्हणालात तर कोणाची जीभ उचलणार नाही. माझ्यात खोट असेल तर ती तुमच्याइतकी मन लावून कोण शोधील?"

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं भांडं हिनं सहज उघडून बघितलं होतं आणि झाकण बाजूला ठेवून दिलं होतं. एखादी शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ती तरातरा बाहेर आली. वाटेत काकू उभ्याच होत्या, जणू तिची वाट बघत.

"काय म्हणाल्या बाई? खोलीत होत्या म्हणाल्या ना?" काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "भांडण मिटल्यावर मी त्यांचं ताट घेऊन गेले होते. दाराला बाहेरून कुलूप होतं."

४

आता सगळं थोरलीच्या ओंजळीत होतं. किल्ली धाकटीची, कुलूप न फोडलेलं, आणि वर खोटं बोलणं. एवढ्यावर पान भरून सही ठोकली असती तर साहेबांनी मान डोलावली असती. धरण तिच्या हातात आलं असतं. दिवाणखान्यातली चौकट कोणी गुपचूप उतरवली असती.

पण त्या बुटांवरचा चिखल. छावणीची माती लाल. हा राखाडी होता, पिठासारखा बारीक. तसला गाळ ओढा वरून आणतो, तो ओढ्याच्या काठाला असतो. शेड लाल मातीत, क्वार्टर लाल मातीत. मग ही काल ओढ्यात काय करत होती?

थोरली भिंतीच्या वरच्या अंगाला खिंडीत उतरली. ओढा शहाण्यासारखा उघड्या दारातून खाली चालला होता. तिनं दोन्ही काठांचे खडक न्याहाळले आणि तिथंच थबकली.

तिच्या डोक्याच्याही वर, दोन्ही बाजूंच्या खडकांवर, एक पट्टा ओढलेला होता. राखाडी, ओलसर, बोट लावलं की उमटणारा. त्यात काटक्या चिकटलेल्या, पानं चिकटलेली, एक बुडालेला सुरवंट. ती चालत गेली, पट्टाही तिच्याबरोबर गेला, खिंड जिथं वळते तिथपर्यंत. एकाच पातळीत. अशी रेघ खडकावर फक्त पाणीच ओढू शकतं, उभं राहिलेलं पाणी.

कोणीतरी दार बंद केलं होतं. हुकूम मोडून.

तिच्या छातीत आनंदाची अशी उकळी फुटली की तिची तिला लाजही वाटली नाही. सापडलीस! परवानगीशिवाय ओढा अडवलास! चोरी राहो बाजूला, एवढ्यावरच तू घरी.

मग ती डाव्या डोंगराला वळसा घालून मागे गेली. मोजणीदार खरा असेल तर डोंगरानं पाणी प्यायलं असेल आणि इकडे ओकलं असेल. मागच्या बाजूला तिनं एकेक भेग पाहिली. भेगांत धूळ होती. धुळीवर कोळ्यांची जाळी होती, जुनी, अखंड, भुकटीनं भरलेली. थेंब नाही. ओल नाही. एवढं पाणी पलीकडून छाती लावून उभं होतं आणि डोंगरानं घोटभर घेतलं नव्हतं.

थोरली एका दगडावर बसली. उकळी विरून गेली होती.

डोंगर भरीव होता. धाकटीची जागा बरोबर होती. आणि आतापर्यंत हे पुराव्यानिशी जगात एकट्या धाकटीला माहीत होतं. तिला कांड्या लपवायची गरजच काय? त्या कांड्या तर तिच्याच बाजूनं बोलणार होत्या! शिवाय कोंडलेलं पाणी चढत असताना दाराचं चाक सोडून पेट्या ओढत फिरणारी बाई धरण बांधूच शकत नाही. ती खोटं बोलली ती चोरी लपवायला नाही, हुकूम मोडला ते लपवायला.

आणि हे घडलं कालच, पट्टा अजून ओला होता. काल कधी?

तेव्हा तिला काकूंचं बोलणं आठवलं. मुकादम सहा महिने रोज तोंडातल्या तोंडात शिव्या घालतो. कालच का ऐकू गेल्या? ह्या ओढ्याच्या गदारोळात मीठ मागितलेलं ऐकू येत नाही, आणि पुटपुटलेली शिवी बाकापलीकडे ऐकू गेली? काल संध्याकाळी ओढा गप्प होता. दार बंद, खाली पाणी नाही. भांडणाच्या गोंधळात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही एवढंच. आणि ज्या भांडणानं हे उघड केलं, त्याच भांडणानं मोजणीदाराला आणि मुकादमालाही मोकळं केलं. अख्खी छावणी त्यांना धरून बसली होती.

राहिला एकच माणूस. ज्याला धाकटीच्या टेबलावरची किल्ली उचलता येत होती.

थोरलीनं डोळे मिटले. काल संध्याकाळी भिंतीखालचा ओढा खडखडीत कोरडा होता. लहान पोरही चालत आलं असतं.

मग भाऊजी कुठल्या पाण्यात अडकले होते?

५

"पाणी कुठवर होतं, भाऊजी?"

तिघंही क्वार्टरमध्ये होते. धाकटी खिडकीशी, दीर खाटेवर. थोरली दाराला पाठ लावून उभी.

"कुठलं पाणी?"

"काल. तुम्ही अडकलात तेव्हा. दगडांच्या वर किती?"

"रोजच्याएवढं. गुडघाभर वर. फेस नुसता. पाय टाकायची सोय नव्हती."

खिडकीशी उभ्या धाकटीनं डोळ्यांवर हात घेतला.

"भाऊजी," थोरली म्हणाली, "काल दुपारपासून धरणाचं दार बंद होतं. भिंतीखाली काल संध्याकाळी थेंब वाहिला नाही. तुम्ही ओढ्यावर गेलाच नव्हतात. गेला असतात तर कोरडा ओढा बघून दुसरी थाप शोधली असतीत. रोज पाणी चढतं, कालही चढलं असणार, असं धरून चाललात."

दीर हसायला गेला. ते जमलं नाही. तो बायकोकडे वळला.

"दार बंद होतं?"

"मी सांगितलं होतं तुला," धाकटी म्हणाली. "काल सकाळी. चहा घेताना. दुपारी दार बंद करून बघणार आहे, कोणाला कळलं तर नोकरी जाईल, जीव घाबरा होतोय म्हटलं. ह्या जगात एकट्या तुला सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"तू गळाला दोरा लावत होतास. 'हं' म्हणालास."

थोरलीनं आजवर कितीतरी चोर पकडले होते. असा पकडलेला तिला आठवेना.

"म्हणजे तुला सकाळीच कळलं होतं," ती धाकटीला म्हणाली.

"सगळ्यांसमोर म्हणाला ना, पलीकडे अडकलो. तेव्हाच. तोवर तुमच्यासाठी फोन करून झाला होता." धाकटीचा आवाज तुटला. "काय करू, ताई? ह्याला खोटं पाडायचं तर दार बंद केल्याचं सांगावं लागणार. आणि सांगून तरी काय? माझ्याच घरात चोर आहे म्हणून?"

"चोर नाही गं मी!" दीर एकदम उठला. "कांड्या शाबूत आहेत सगळ्या. जुन्या सुरुंगाच्या कोठारात ठेवल्यात. सुरुंग संपल्यापासून तिथं कुत्रं फिरकत नाही. हातगाडीवर नेल्या, मीही तिथंच झोपलो. काय मिळवायचं होतं मला? काम थांबलं असतं. चार-सहा महिने. घरी गेलो असतो आपण. तू एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघून जेवली असतीस! त्या भिंतीला रोज हात लावून बघतेस, ताप आलाय का बघतात तसा. मला लावलास कधी?"

"हातगाडी करकरते," थोरली म्हणाली. "ओढा गप्प, आणि तुम्हाला काहीच कसं वेगळं वाटलं नाही?"

"वाटलं ना. चाकाचा आवाज असा मोठा येत होता की जीव मुठीत धरून ढकलत होतो." तो खाली बसला. "मला वाटलं, चोराला आपलं पाऊल मोठंच ऐकू येतं."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी ह्याला ती पाढे शिकवत असे. सवत म्हणे. सिमेंटची. आणि आपण तरी काय वेगळ्या होतो? हा भिंतीवर जळला, आपण भिंतीवरच्या नावावर.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "दार बंद केल्याचं सांगू नका. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण ते कळलं तर तिचं धरण जाईल."

धाकटीनं फक्त थोरलीकडे पाहिलं. आणि थोरलीला कळलं की आता चावी खरोखर आपल्या हातात आहे. ह्या वेळी खोटं बोलायचीही गरज नव्हती. खरं बोललं तरी धरण तिचंच होत होतं.

६

समिती आली, कोठारातून पेट्या निघाल्या, कांड्या टेबलावर मांडल्या गेल्या. दगड घट्ट, निळसर, भोकाविना. मोजणीदारानं त्या हातात घेऊन बघितल्या, परत ठेवल्या आणि बाहेर जाऊन बराच वेळ एकटा उभा राहिला.

"तुमचे दीर खोटं बोलतायत हे कळलं कसं?" साहेबांनी विचारलं.

थोरलीनं तोंड उघडायच्या आत धाकटी पुढे झाली. "कारण मी दार बंद केलं होतं, साहेब. तुमचा हुकूम मोडून. चाचणी घेतली. मला खात्री करून घ्यायची होती. तुम्ही येऊन बघण्याआधी."

साहेब गोरेमोरे झाले. समितीतले दोघंतिघं एकमेकांच्या कानाला लागले. दीर दाराशी उभा होता. त्याच्या चौकशीचा कागद आधीच निघाला होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"नवरा चोर, बायको बेकायदा," साहेब शेवटी म्हणाले. "हे काम आता हिच्याकडे ठेवता येत नाही. बाई, उद्यापासून तुम्ही ताबा घ्या. दार तुम्ही बंद कराल, पाणी तुम्ही अडवाल. बोर्डावर नाव तुमचं."

आलं. उचलून नेलेलं ताट परत समोर आलं होतं, गरम गरम.

थोरलीनं बोर्डाकडे पाहिलं. आपलं नाव तिथं कसं दिसेल ते बघितलं. मग त्याच्या पुढचंही बघितलं. दर सणावाराला धाकटी जेवायला पंगतीत बसलेली, काही न बोलता, डोळे खाली. सगळं घर तिच्याकडे बघतंय, हळहळतंय. हिचं धरण होतं हो, थोरलीनं घेतलं. आणि ते पाणी, ती भिंत, तो भरीव डोंगर, जन्मभर ओरडून सांगत राहणार की जागा धाकटीनंच निवडली होती. उष्टं ताट. वर आयुष्यभर त्याचे उपकार.

"नको," ती म्हणाली.

"काय?"

"नको म्हटलं. तिचं काम आहे, तिलाच पुरं करू दे. दंड करा, ठपका ठेवा, पगार कापा. हुकूम मोडलाय, ते कागदावर राहू दे, मी स्वतः लिहिते. पण कांड्या हव्यात कशाला? डोंगर पाणी धरतो हे बघायलाच ना? तिनं पाणी धरूनच दाखवलंय. दोन्ही पुरावे मी तपासलेत. आता तिला काढलंत तर जगाला सांगावं लागेल की धरण पक्कं आहे आणि म्हणूनच बांधणारीला हाकललं."

"तुम्हाला तिच्याबद्दल एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"माया?" थोरलीचा आवाज चढला. "माया नाही, साहेब. मला ती डोळ्यासमोर नको असते. पण मला जे हवंय ते माझं हवंय. तिचं उतरवलेलं नको."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडायला गेली.

"हात खाली कर," थोरली म्हणाली. "आणि आभार मानलेस तर याद राख."

रीतसर परवानगी मिळाली तेव्हा दार बंद करायला धाकटीच होती चाकाशी. साक्षीला म्हणून थोरलीला थांबावं लागलं. पाणी चढत गेलं, सगळे वर काठावर टाळ्या वाजवत राहिले. थोरली एकटी खाली उतरली, भिंतीच्या कोरड्या बाजूला. तिनं पायापासून सुरुवात केली. एकेक सांधा बघितला, तळहात लावून, कान लावून. कुठे घाम, कुठे पाझर, कुठे केसाएवढी भेग. तपासनिसाचं कामच आहे ते. पण ती तपासत नव्हती, शोधत होती. एक तरी असावी. लहानशी. आपल्याला एकटीला माहीत असेल अशी.

उजव्या टोकापर्यंत गेली, परत डाव्या टोकापर्यंत आली. पलीकडे अख्खा ओढा उभा होता आणि अलीकडे तिच्या हाताला सिमेंटची कोरडी भुकटी लागली.

मग ती वर गेली आणि तिनं सही केली.